मैना आपली, मग अण्णाभाऊ कोणाचे?

‘माझी मैना’ ही छक्कड बेळगावकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको. तिच्यात आपल्या गावाचं नाव आहे. कारवार आहे, डांग आहे, उंबरगाव आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जी जी गावं हातातून निसटत होती, त्यांच्यासाठी ती गायली गेली. सीमाभागातल्या मराठी माणसाला ती आपल्या घरचीच वाटते. पण ती रचणारा माणूस कोण, कुठल्या वस्तीतला, कुठल्या पक्षाचा, पोटासाठी काय करायचा, हे विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण ‘अण्णाभाऊ साठे, लोकशाहीर’ एवढं सांगून थांबतात. पाठ्यपुस्तकात धड्याच्या वर लेखक-परिचयाची चौकट असते, तेवढंच. मला वाटतं त्या चौकटीत मावत नाही तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे. आणि तो कळला नाही तर मैनासुद्धा अर्धीच कळते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. वाटेगाव वाळवा तालुक्यात येतं. तेव्हा जिल्हा सातारा होता, आता सांगली. आईचं नाव वालुबाई. घर मांगवाड्यातलं. मातंग समाजाकडे गावाने दिलेली कामं म्हणजे दोर वळणं, केरसुण्या बांधणं आणि हलगी वाजवणं. गावाला लग्नात आणि जत्रेत हलगी पाहिजेच, पण वाजवणारा मात्र गावाबाहेर. त्यात इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केलेला. त्यामुळे अंगात जोर असलेल्या माणसाने चावडीवर हजेरी द्यायची, रात्री गाव सोडायचा नाही, अशी तऱ्हा. या हजेरीची चीड पुढे ‘फकिरा’ कादंबरीत पानापानांवर दिसते. तो फकिरा त्यांच्या नात्यातलाच. इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या या माणसाने अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी घरात ओंजळ भरून रुपये दिले, अशी गोष्ट त्यांच्या घरात सांगितली जायची. आणि ती नुसती ऐकून न सोडता त्यांनी तिची कादंबरी केली.

शाळा दीड दिवसाची. मास्तरांचा मार, वर्गातला अपमान, आणि मुलगा परत गेलाच नाही. हा ‘दीड दिवस’ आता त्यांच्या प्रत्येक भाषणात, प्रत्येक बॅनरवर येतो, जणू काही तो एक विक्रम आहे! मला ते ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं. शाळेने एका मुलाला बाहेर काढलं, यात कौतुक कसलं? तो लिहायला शिकला तो शाळा नव्हती म्हणून नाही, शाळा नसतानाही. आणि त्यासाठी त्याला जे करावं लागलं ते फार होतं.

१९३१-३२ च्या सुमाराला भाऊराव कुटुंबाला घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत, पोरांना सांभाळत हे कुटुंब मुंबईत पोचलं आणि भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत टेकलं. मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. मग हमाली, हॉटेलात कपबशा, फेरीवाल्यामागे कापडाचं गाठोडं घेऊन फिरणं, गिरणीत झाडलोट, जे पुढ्यात आलं ते केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून अक्षरं जुळवायला शिकला. मुंबईच्या भिंतीच त्याची अंकलिपी झाल्या.

गिरणगावात त्या काळात एक गोष्ट चुकवता येत नव्हती, ती म्हणजे संप. गेटवर सभा, रस्त्यावर मोर्चे, लाल झेंडे. अण्णाभाऊ या सगळ्यात ओढले गेले. मधे काही काळ ते गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशात रमले. इथेच मला त्यांच्या आयुष्यातली दोन टोकं जुळताना दिसतात. मुंबईने त्यांना विषय दिला, तमाशाने हत्यार दिलं. गण कसा उभा करायचा, गवळणीत प्रेक्षकाला कसं हसवायचं, बतावणीत कोपरखळी कुठे मारायची, वग किती ताणायचा, हे सगळं त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मुंबईत परत आल्यावर त्यांचं बस्तान माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये बसलं. ही दलित कामगारांची वस्ती. तिथे कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखी माणसं होती. मोऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्यासाठी बाबासाहेबांबरोबर काम केलं होतं आणि पुढे ते कम्युनिस्ट पक्षात आले. म्हणजे जात आणि मजुरी, दोन्ही प्रश्न एकाच खोलीत, एकाच कंदिलाखाली बोलले जायचे. अण्णाभाऊंचं वैचारिक शिक्षण या वस्तीत झालं.

आणि तिथे त्यांनी रचलेल्या सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक होतं डासांवर. हो, डासांवर! कॅम्पमध्ये गटारं, चिखल आणि रात्रभर चावणारे डास. पोवाडा हा वीरांचा प्रकार: अफजलखानाचा वध, सिंहगड, तलवारी आणि घोडे. तो डफ आणि तो आवेश त्यांनी डासांच्या फौजेवर लावला. लोक हसले असणार, पण हसता हसता त्यांना हेही कळलं असणार की आपल्या झोपडीतला त्रास हा गाण्याचा विषय होऊ शकतो. ज्याचं गाणं होतं त्याची तक्रारही होते, आणि तक्रार चारचौघांत म्हटली की ती एकट्याची राहत नाही. माझ्या मते अण्णाभाऊंची पुढची सगळी कला याच गाण्यातून निघाली. लोकांसाठी कला असं आपण सहज म्हणतो, पण इथे ऐकणारे, गाणारे आणि चावून घेणारे एकच होते.

तेवढ्याच सहजपणे ते जगाच्या पाठीवर कुठेही जायचे. स्पेनमधल्या यादवी युद्धावर त्यांनी पोवाडा केला, मग स्टालिनग्राडवर. माटुंग्याच्या झोपडीतल्या माणसाला स्टालिनग्राडचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण युद्धात धान्य महागतं, काळा बाजार होतो, गिरणीतली पाळी वाढते. हे कामगाराला भाषणापेक्षा डफावर लवकर कळत होतं.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग, एक मुसलमान, एक सवर्ण. त्या काळच्या गावात तिघांच्या पंगती वेगळ्या बसल्या असत्या, इथे तिघे एकाच डफाभोवती. अमर शेखांचा आवाज असा होता की मैदानाच्या शेवटच्या रांगेला माईकची गरज वाटू नये. अण्णाभाऊ लिहायचे, गायचे, सोंगं काढायचे. बंगालच्या दुष्काळावर, काळ्या बाजारावर, अमळनेरच्या गोळीबारात मेलेल्या कामगारांवर, तेलंगणच्या शेतकऱ्यांवर, फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यांवर त्यांनी रचना केल्या. आज आपण बातमी मोबाइलवर बघतो. त्यांचे प्रेक्षक ती परळच्या कामगार मैदानात ऐकायचे, आणि ऐकून झाल्यावर तिथेच त्यावर बोलायचे.

‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘मुंबई कोणाची?’ हे त्यांचे वग. नावं वाचली तरी विषय कळतो. पण मला जास्त रस आहे तो त्यांनी तमाशाच्या आतल्या रचनेत काय केलं यात. पारंपरिक तमाशा गणपतीच्या गणाने सुरू होतो. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण नमन वळवलं ते मायभूमीकडे, देशासाठी आणि हक्कांसाठी मेलेल्यांकडे. गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी आणि दहीदूध, ती त्यांनी काढूनच टाकली. राजाच्या जागी शेठ किंवा सावकार आला आणि सोंगाड्या झाला शेतकरी नाहीतर कामगार. ढोलकी तीच, तुणतुणं तेच. बसणाऱ्याला वाटायचं आपण आपला नेहमीचा तमाशा बघतोय, आणि अर्ध्या तासात त्याच्यासमोर त्याचाच सावकार उभा असायचा.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून आणि कॅथलिक म्हणूनही मला इथे फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ साली साष्टीत राचोलला छापलं गेलं. त्यांनीही लोकांना सवयीची असलेली ओवी आणि पुराणाची बैठक तशीच ठेवली आणि आत वेगळी कथा भरली. युक्ती सारखीच आहे. फरक एवढाच की स्टीफन्स परदेशातून आले आणि त्यांनी ही भाषा मेहनतीने, प्रेमाने आत्मसात केली. अण्णाभाऊ त्या ढोलकीच्या घरातच जन्मले होते, पण त्या घराला गावात इज्जत नव्हती. म्हणून त्यांचं काम दुहेरी होतं. तमाशात नवा विचार आणायचा, आणि तमाशा ही लाज वाटण्याची गोष्ट नाही हेही पांढरपेशांना दाखवायचं.

या दुसऱ्या कामात सरकारनेच एका अर्थाने मदत केली, ती सुद्धा बंदी घालून. स्वातंत्र्यानंतर लगेच, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलतेचं दिलं गेलं. ती नंतर उठली, पण अटी आणि तपासणी राहिली, आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवर पोलिसांचा डोळा राहिलाच. अण्णाभाऊंनी तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे नेला. कागदावर नाव वेगळं, बोर्डावर नाव वेगळं, खेळ चालू! पुढे हा शब्द मराठीत इतका रुळला की तो एका बंदीच्या वेळी पुढे आला हे आता कुणाच्या लक्षातही नसतं.

‘मुंबईची लावणी’ वाचताना आणखी एक गंमत कळते. त्यांच्याआधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली होती. बापूराव मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, तमाशासाठी जात आणि घर सोडलेले ब्राह्मण, आणि गाव रेठरे हरणाक्ष, म्हणजे तेही वाळवा तालुक्यातलेच. बापूरावांची मुंबई झगमगीत, बघून डोळे दिपावेत अशी. अण्णाभाऊंनी तीच मुंबई घेतली आणि मलबार हिलच्या शेजारी झोपडपट्टी ठेवली. एकाच तालुक्यातले दोन माणसं, एकच शहर, आणि मधे चाळीचा जिना.

आता मैनेकडे येते.

ही छक्कड सुरू होते ती राजकारणाने नाही. गडी पोटासाठी मुंबईला निघालाय आणि बायको गावी राहिलीय. तिचं रूप, तिचं रुसणं, निरोपाची वेळ, आणि मग मुंबईत आल्यावर आतल्या आत होणारी काहिली. कोकण आणि घाटावरच्या लाखो गिरणीकामगारांची ही घरची गोष्ट होती. बायको गावात, नवरा खोलीत दहाजणांबरोबर. त्यानंतर गाणं हळूच वळतं. जशी माझी मैना तिकडे राहिली तसाच महाराष्ट्राचा भाग तिकडे राहिला. भाषावार राज्यांचा प्रश्न हा नकाशा आणि आयोगांचा प्रश्न होता. अण्णाभाऊंनी तो नवरा-बायकोच्या ताटातुटीत बसवला, आणि सभेतल्या प्रत्येक माणसाला तो आपोआप कळला.

आपल्या बाजूने बघितलं तर तारखा माहीतच आहेत. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांना आपण दर वर्षी अभिवादन करतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात कामगार पुष्कळ. अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर हे या लढ्याचे आवाज होते. पण त्यांना हवा असलेला महाराष्ट्र नुसता मराठी नव्हता, तो कष्टकऱ्यांचा होता. मैना ‘आपली’ म्हणताना आपण पहिला भाग घेतो आणि दुसरा सोडतो. गाण्यातलं बेळगाव ऐकू येतं, पण गाण्यातला तो कामगार, ज्याला मुळात गाव का सोडावं लागलं, तो ऐकू येत नाही. भाषेवर अन्याय झाला की आपण बंद पुकारतो. गावाबाहेरच्या वस्तीसाठी किती वेळा पुकारला? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतेय.

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. त्या भाषणातलं एक वाक्य आता इतक्या भिंतींवर रंगवलंय की ते इथे परत द्यायची गरज नाही. बाबासाहेब जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल झेंड्याच्या माणसाने निळ्या झेंड्याच्या नेत्याला केलेलं हे अर्पण तेव्हा दोन्हीकडे काहींना खटकलं असेल. त्यांना मात्र निवड करावीशी वाटली नाही. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या सरकारी व्यवस्थेने एकेकाळी त्यांचे खेळ बंद पाडले होते, तिच्याकडूनच.

तीसहून जास्त कादंबऱ्या, कितीतरी कथा. सगळ्या सारख्या चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही. काही भराभर लिहिल्यासारख्या वाटतात, नायक फारच शूर आणि नायिका फारच देखण्या असतात. घर चालवायचं तर प्रकाशकाला पुस्तक द्यावं लागायचं, हेही त्यात आलं. पण ‘स्मशानातील सोनं’ ही कथा कुणीही वाचावी. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीत काम करतो. खाण बंद पडते. उपाशी पोरीसाठी तो मसणातली राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो, मग पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं जातात, आणि तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ज्या बोटांनी पहाड फोडायचा तीच नाहीत. बेकारीवर याहून कडक काही मी मराठीत वाचलेलं नाही.

१९६१ मध्येच ते रशियाला गेले, ज्या देशावर न बघता पोवाडे रचले तो प्रत्यक्ष बघायला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक त्यावरच आहे. त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवरून ‘वैजयंता’ सिनेमा आला, नंतर आणखी काही आले. पण पैसा हातात टिकला नाही. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली, ‘फकिरा’ लिहिणारा माणूस तिथेच राहत होता. शेवटच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तोवर तब्येत ढासळली होती, दारू होती, एकटेपण होतं. पक्षही १९६४ मध्ये फुटला होता. आणि १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. बेळगाव जिथे होतं तिथेच ठेवावं असं त्यात म्हटलं होतं. मैना गावावरच राहिली, आणि हे त्यांना बघावं लागलं.

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, वय एकोणपन्नासही पूर्ण नव्हतं. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पण १९६९ च्या त्या पावसाळ्यात तसं काही नव्हतं. २९ ऑगस्टला, म्हणजे सहाच आठवड्यांनी, अमर शेख अपघातात गेले. लाल बावट्याचा लिहिणारा आणि गाणारा, दोघे एकाच पावसाळ्यात.